खुडूक कोंबडी, उबवणी यंत्र आणि आपली वस्ती

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेवर आमचा विषय वाचून मागच्या रांगेत थोडी खसखस पिकली, ती आमच्या कानांवर आली. त्यात वावगे काही नाही. या व्यासपीठावरून आजवर धम्मचक्र प्रवर्तन, आरक्षण, स्त्रीशिक्षण, स्पर्धा परीक्षा अशा विषयांवर विद्वानांनी विचार मांडले आहेत. त्यांच्या पंक्तीत एकदम कोंबडी येऊन बसली म्हणजे हसू येणारच. प्रारंभीच एक खुलासा करतो. या भाषणात 'आम्ही' हा शब्द वारंवार येईल. तो मोठेपणाचा 'आम्ही' नव्हे. बारामती-इंदापूर रस्त्यालगतच्या आपल्या वस्तीतील सात घरांतल्या बाया, दहावी-बारावीतली दोन मुले, आणि बँकेत कारकुनी करतो म्हणून हिशेबाची वही ज्याच्या गळ्यात पडली तो प्रस्तुत वक्ता, असे सगळे मिळून आम्ही.

कोंबडीचा विषय धम्माला परका आहे असे मात्र कोणी समजू नये. अंगुत्तर निकायाच्या सत्तक निपातात भावनेसंबंधी एक सुत्त आहे. तोच दृष्टांत संयुत्त निकायातही आलेला आहे. कोंबडीखाली आठ, दहा किंवा बारा अंडी आहेत, पण ती त्यांवर नीट बसली नाही, त्यांना नीट ऊब दिली नाही, तर पिल्ले सुखरूप बाहेर यावीत अशी तिने कितीही इच्छा धरली तरी ती येणार नाहीत. उलट ती नीट बसली असेल, तर तिच्या मनात तशी इच्छा आली नाही तरी पिल्ले नखाने किंवा चोचीने कवच फोडून बाहेर येतीलच. चित्ताच्या मुक्तीचेही तसेच आहे, असा त्याचा भावार्थ. वेरंजेच्या ब्राह्मणाशी झालेल्या संवादात तर तथागत स्वतःला अविद्येचे कवच फोडून सर्वांत आधी बाहेर पडलेल्या पिल्लाची उपमा देतात. आम्ही पालीचे पंडित नाही, भाषांतरावरून वाचले आहे. परंतु वाचताना आमच्यातल्या बायांचे लक्ष प्रथम गेले ते आकड्यांकडे. आठ, दहा, बारा. आमच्या थोरल्या आत्या दुरडीत बरोबर तेवढीच अंडी ठेवत आल्या आहेत, कारण गावठी कोंबडीच्या पंखांखाली त्याहून जास्त मावत नाहीत. मावली तरी कडेची गार पडतात. 'सांगणाऱ्यानं कोंबडी बसलेली बघितलीया,' असे आत्या म्हणाल्या. त्यांना सुत्ताची याहून अधिक खातरजमा नको होती.

आता मूळ विषयाकडे वळतो.

कोंबडी खुडूक झाली हे ओळखायला पुस्तक लागत नाही. ती अंडी देणे थांबवते, खुराड्यात एका जागी फतकल मारून बसते, हात नेला की पिसे फुलवून चोच मारते आणि घशातून सारखा एक जाडा आवाज काढत राहते. पोटाखालची पिसे विरळ होऊन तेथे उघडी, गरम कातडी दिसू लागते. तीच अंड्याला टेकते. तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढते म्हणून हे घडते, असे शास्त्र सांगते. आपल्या आयांना ते नाव ठाऊक नव्हते, पण पुढे काय करायचे ते चोख ठाऊक होते. दुरडीत तळाला थोडी राख घालायची, म्हणजे उवा होत नाहीत. त्यावर गव्हाचे काड. जागा अंधारी आणि वर्दळ नसलेली. कोंबडी बसवायची ती दिवस मावळल्यावर. उजेडी बसवलेली उठून पळते. रोज एकदा तिला बाहेर काढून दाणापाणी दाखवायचे आणि विष्ठा टाकू द्यायची. काही कोंबड्या इतक्या इमानी असतात की उठवले नाही तर उपाशीच बसून राहतात. अंडी फिरवायची काळजी नको. ती स्वतःच दिवसरात्र चोचीने अंडी फिरवते, कडेची आत घेते, आतली कडेला सारते. यंत्रवाल्यांना हे काम करायला पुढे मोटार बसवावी लागली.

या सगळ्याची किंमत मात्र मोजावी लागते. अंड्यांवरचे २१ दिवस आणि पिल्ले हिंडवण्याचे दीड-दोन महिने, एवढा काळ ती अंडे देत नाही. गावठी कोंबडीची अंडी वर्षाकाठी पन्नास-साठच्या आसपास भरतात त्याचे हे एक मोठे कारण. व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींतून निवड करकरून हा खुडूकपणा काढून टाकला, तेव्हा कुठे तीनशेच्या घरात अंडी देणारी कोंबडी तयार झाली.

विद्यार्थी मित्रांना एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ती त्यांनी पाहिलेली नाही. वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. त्याच्या कितीतरी आधी, १९२८ साली, बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतनासंबंधीचे बिल मांडले होते. पण वतन जाऊन जमीन हाती राहिली अशी घरे आपल्याकडे थोडी. ज्या घराला गुंठाभर रान नव्हते त्या घराला चार कोंबड्या होत्या. त्यांना वैरण लागत नव्हती, कोणाच्या बांधावर जावे लागत नव्हते, आणि अंड्याचा पैसा थेट बाईच्या हातात येत होता. तो पैसा नवऱ्याला दिसत नसे, हेही मोकळेपणाने सांगतो. या मांडवात बसलेल्या कित्येक साहेबांची परीक्षेची फी एखाद्या खुडूक कोंबडीने भरलेली आहे. म्हणून मागच्या रांगेतल्यांनी जरा जपून हसावे.

जुन्या रीतींत शहाणपण होते तशी अडगळही होती. अंडी विषमच ठेवायची, दुरडीत लोखंडी खिळा किंवा कोळसा ठेवायचा म्हणजे गडगडाटाने अंडी नासत नाहीत, विटाळशी बाईने दुरडीला हात लावायचा नाही. शेवटची गोष्ट आम्ही पहिल्याच बैठकीत मोडून काढली. त्यासाठी यंत्र लागले नाही. गडगडाटाचे मात्र आम्ही थोडे खोलात जाऊन पाहिले. वळवाच्या दिवसांत अंडी खरोखरच जास्त नासतात, आणि त्याचे कारण अंडी दुरडीत जाण्याच्या आधीच घडून गेलेले असते. अंड्यातला जीव साधारण २५ अंशांच्या पुढे थोडा थोडा वाढायला लागतो. इंदापूरच्या जिरायती बाजूला एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात चाळीसच्या वर पारा जातो. तेथे शिंक्यावर दहा-बारा दिवस जमवलेली अंडी म्हणजे अर्धवट वाढून मेलेली अंडी. मग कोंबडी बसवायची, मध्ये कधीतरी ढग वाजायचे, आणि एकविसाव्या दिवशी नासकी अंडी पाहून 'गडगडाटानं गेली' किंवा 'शेजारणीची दृष्ट लागली' म्हणायचे. यात शेजारणी उगाच बदनाम झाल्या. आता आम्ही रांजणाखाली ओली वाळू ठेवून त्यात रोवलेल्या मडक्यात अंडी ठेवतो, तोंडावर ओले फडके बांधतो, टोकाकडची बाजू खाली ठेवतो आणि सात दिवसांहून जुने अंडे बसवतच नाही. अंडी धुवायची नाहीत. कवचावरचा पातळ थर धुतला की छिद्रांतून जंतू आत शिरतात. फार मळलेली असतील ती सरळ भाजीला.

आता यंत्र कसे आले ते सांगतो. पशुसंवर्धन खात्याने आठ-दहा आठवड्यांच्या तलंगांचा गट, २५ माद्या आणि ३ नर, ५० टक्के अनुदानावर वाटण्याची योजना काढली. त्यात आमच्यातल्या दोन घरांचे नाव लागले. राज्यात खात्याची मोठी उबवणी केंद्रे आहेत. आपल्याला जवळचे म्हणजे पुण्याला खडकीचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली गिरिराज, हैदराबादच्या संशोधन केंद्राने तयार केलेली वनराज, अशा सुधारित जाती अशा केंद्रांतून खेडोपाडी गेल्या. तलंगा वाढल्या, रंग सुरेख, अंगाने भरदार, अंडी गावठीच्या दुप्पट. बाया खूश. मग वर्षभराने ध्यानात आले की एकही खुडूक होत नाही. सुधारित पक्षी अंड्यावर जवळजवळ बसतच नाहीत. शिवाय या संकरित जाती असल्याने त्यांच्याच अंड्यांतून काढलेली पिल्ले सगळे गुण घेऊन येत नाहीत. म्हणजे कळप म्हातारा झाला की पुन्हा पिल्ले विकत घेणे आले. ज्या कोंबडीने आपल्याला कोणाच्या दारात जाऊ दिले नव्हते, तिच्यासाठी आता दर दोन वर्षांनी दारात उभे राहायचे! दोन गावठी कोंबड्या शिल्लक होत्या, त्या आत्यांच्या. बाकीच्यांनी 'नवी आली' म्हणून जुन्या विकून टाकल्या होत्या.

तेव्हा बचत गटाच्या बैठकीत उबवणी यंत्राचा ठराव झाला. गटांना बँकेशी जोडण्याचा कार्यक्रम नाबार्डने १९९२ साली सुरू केला, आणि तेव्हापासून तारणाशिवाय बाईच्या सहीवर कर्ज मिळू लागले, ही आपल्या वस्तीच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. कर्जाचे कागद आम्हीच भरले. शंभर अंड्यांचे, पंख्याचे यंत्र आले. समोर काच, वर लाल आकडे. सगळ्या वस्तीने येऊन दर्शन घ्यावे तसे ते पाहिले. सात घरांनी पंधरवडाभर बाजारात एकही अंडे विकले नाही. साठवून साठवून ९६ अंडी बसवली.

दुसऱ्याच दिवशी आत्यांनी यंत्रात हात घालून एक अंडे गालाला लावले आणि म्हणाल्या, 'हे तापलंय.' आम्ही त्यांना काचेवरचा ३७.५ हा आकडा दाखवला. पुस्तकात तोच आकडा, यंत्रावर तोच आकडा. त्या काही बोलल्या नाहीत, घरी गेल्या आणि आपली एक कोंबडी ११ अंड्यांवर वेगळी बसवली.

यंत्रातली पिल्ले एकोणिसाव्या दिवशीच टोचू लागली. आम्हाला आनंद झाला. वाटले, यंत्र ते यंत्रच, दोन दिवस आधी काम करते. विसाव्या दिवशी चिवचिव मंदावली. बाविसाव्या दिवशी मोजली तर १७ पिल्ले जिवंत, त्यातली काही बेंबी उघडी असलेली, पाय धड टेकता न येणारी. आत्यांच्या कोंबडीने एकविसाव्या दिवशी ११ पैकी १० काढली.

त्या संध्याकाळी कोणी कोणाशी बोलले नाही. दोन हप्ते थकणार हे आम्हाला वहीत दिसत होते. एका घरी पंधरा दिवसांच्या अंड्यांच्या पैशावर मुलाच्या वसतिगृहाची अनामत भरायची होती. ती बाई यंत्राच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिली. ज्याच्याकडून यंत्र घेतले त्याने 'तुमची वीज बरोबर नसेल' म्हणून हात वर केले. वीज गेली होती हे खरे. एका रात्री दीडपासून पहाटे चारपर्यंत. पण तेवढ्याने इतकी अंडी जात नाहीत. कोंबडीही दाणे खायला उठतेच की. थोडी गारठलेली अंडी सावरतात. तापलेली सावरत नाहीत.

मग बारावीतल्या मुलीने एक काम केले, ज्याचा आम्हाला आजही अभिमान वाटतो. ती म्हणाली, न फुटलेले प्रत्येक अंडे फोडून पाहू आणि लिहू. वास असह्य होता. तोंडाला रुमाल बांधून तिने रकाने आखून नोंद केली. काही अंडी नुसती निर्जीव, पांढरा-पिवळा बलक तसाच. म्हणजे फळलेलीच नव्हती, कारण २५ कोंबड्यांमागे असलेल्या तीन नरांपैकी दोन एका घराने पाहुण्यांसाठी कापले होते. काहींत रक्ताचे कडे दिसले. ती साठवणीच्या उन्हाने सुरुवातीलाच मेलेली. आणि सर्वांत जास्त संख्या होती ती पूर्ण वाढलेल्या, पिसे आलेल्या, चोच हवेच्या पोकळीपर्यंत पोचलेल्या पिल्लांची. आतला पापुद्रा वाळून त्यांच्या अंगाला कातड्यासारखा चिकटला होता. उष्णता जास्त आणि ओलावा कमी, असे हे चिन्ह. आम्ही ताप बघायचा साधा थर्मामीटर आणि यंत्राचा काटा एकाच कोमट पाण्यात धरून पाहिले. यंत्र ३७.५ म्हणजे फॅरनहाइटचे ९९.५ दाखवत होते, तेव्हा थर्मामीटर साडेएकशे एक सांगत होता. दोन अंशांनी यंत्र खोटे बोलत होते. गाल खरा बोलत होता.

पुढे वाचनात आले की इजिप्तमध्ये विटांच्या मोठ्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवण्याची रीत फार प्राचीन आहे, आणि तेथले पिढीजात कारागीर अंडे डोळ्याच्या पापणीला लावून ऊब जोखत. आत्यांना हे वाचून दाखवले. 'मग विचारायचं हुतं की,' एवढेच त्या म्हणाल्या.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. यंत्र विकले नाही आणि कोंबडीही सोडली नाही. आत्यांच्या दोनच्या आता नऊ गावठी कोंबड्या झाल्या आहेत. त्या विकायच्या नाहीत असा ठराव आहे. यंत्रात अंडी बसवायची तारीख आम्ही कोंबडीवर ठरवतो. कोणाची तरी कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली दहा अंडी, आणि त्याच दिवशी यंत्रात साठ-सत्तर. यंत्राचा काटा दर खेपेला पाण्यात पारखायचा. पहिले १८ दिवस ९९.५ अंश, हवेतला ओलावा ५५-६० टक्के. अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढून दिवसातून पाच वेळा फिरवायची. पाच अशासाठी की रात्रीची लांब वेळ रोज त्याच कुशीवर जाऊ नये. अठराव्या दिवशी फिरवणे बंद, पाण्याचे ताट वाढवायचे, ओलावा ६५-७०पर्यंत न्यायचा आणि त्यानंतर झाकण उघडायचे नाही. हे शेवटचे पाळणे सर्वांत कठीण. मुलांना राहवत नाही, आणि खरे सांगायचे तर मोठ्यांनाही राहवत नाही. टोचलेल्या अंड्याचे कवच सोलून पिल्लाला 'मदत' करण्याचा मोह होतो. केलीत की रक्त येते. पिल्लाच्या चोचीवर त्यासाठीच एक टणक बारीक टोक असते, त्याला त्याचे काम करू द्यावे. अर्धा दिवस, कधी पूर्ण दिवसही लागतो.

सातव्या रात्री अंडी बॅटरीच्या उजेडात पाहायची. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा आणि मध्ये हलणारा ठिपका दिसला की जीव आहे. कोरी अंडी काढून टाकायची. कोंबडीखालची आणि यंत्रातली अशी दोन्ही पाहिल्यावर जी जागा रिकामी होते, ती यंत्रातल्या जिवंत अंड्यांनी कोंबडीखाली भरून काढतो. तिला कळत नाही. कळले तरी चालवून घेते.

खरी सोय एकविसाव्या दिवसानंतरची आहे. यंत्र पिल्ले काढते, पण वाढवत नाही. पूर्वी आम्ही पिल्ले खोक्यात दिव्याखाली ठेवायचो. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते, मग दर आठवड्याला पाच-पाच अंश कमी. दिव्याखाली पिल्ले गोळा होऊन एकमेकांवर चढली तर थंडी आहे, भिंतीला जाऊन चोच उघडून बसली तर उकडते आहे, सगळीकडे पांगून चरली तर ठीक. इतके पाहता आले तरी पुरे. पण वीज गेली की तासाभरात ढीग होऊन खालची गुदमरतात. आता ती यंत्रातली पिल्ले कोरडी झाली की आम्ही रात्री अंधारात, एकेक करून, खुडूक कोंबडीच्या पंखाखाली सरकवतो. सकाळी ती तिचीच असतात. आपली दहा आणि परकी पाच-सहा ती सहज सांभाळते. दोन कोंबड्या एकाच वेळी बसल्या असतील तर निम्मा प्रश्न सुटला. उरलेल्या पिल्लांपुरताच दिवा. कोंबडीबरोबरची पिल्ले घार आली की कशी लपायचे, मातीत काय टोचायचे हे शिकतात. दिव्याखालची पिल्ले घारीकडे टकामका बघत राहतात.

पहिला दिवस नुसते उकळून गार केलेले पाणी, चिमूटभर गूळ घालून. घाई करायचे कारण नाही. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू दोन दिवस तग धरते. मग वर्तमानपत्रावर मक्याचा बारीक भरडा. पुढे कण्या, शिजवलेले उरलेसुरले, वाळवी लागलेल्या जुन्या गोणपाटाखालची वाळवी. रक्ती हगवण येते ती ओल्या बैठकीने, म्हणून भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा रोज हलवायचा आणि ओला झाला की काढायचा.

यानंतरची गोष्ट जरा लांबवून सांगणार आहे, कारण आमची सर्वांत मोठी हानी यंत्राने झालेली नाही. ती मानमोडीने झाली. शास्त्रीय नाव राणीखेत. मान पिरगळते, हिरवट हगवण लागते, आणि आठवड्यात खुराडे साफ. लस आहे, पुण्यात औंधला सरकारी संस्थेत तयारही होते, महाग नाही. सातव्या दिवसाच्या आत लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, महिन्याने पुन्हा, सहाव्या आठवड्याच्या सुमारास देवीची लस, आठव्या आठवड्यात राणीखेतचीच दुसरी लस पंखाखाली टोचून. अडचण दुसरीच आहे. बाटली साधारण शंभर मात्रांची येते. बर्फात आणावी लागते आणि एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते. ज्या घरी आठ पक्षी आहेत त्या घराने शंभराची बाटली काय म्हणून फोडावी? म्हणून कोणीच फोडत नाही. मोठ्या पोल्ट्रीवाल्याला लस परवडते आणि आपल्या बाईला परवडत नाही, याचे कारण पैसा कमी आणि बाटलीचा आकार जास्त, असे आहे.

आम्ही सात घरांनी एक दिवस ठरवला. पण वस्तीत घरे सातच नाहीत. दोन घरांशी समाजमंदिराच्या वर्गणीवरून जुना वाद होता. त्यांनी 'तुमची लस तुम्हाला लखलाभ' म्हटले, आणि आम्हीही दुसऱ्यांदा विचारले नाही. तो आमचा अहंकार. त्या माघात मानमोडी आली ती त्या दोन घरांत. बाटलीत त्या दिवशी चाळीसहून जास्त मात्रा उरल्या होत्या आणि आम्ही त्या मोरीत ओतल्या होत्या. त्यांची एकूण पिल्ले-कोंबड्या मिळून ३१ गेली. त्यांतल्या एका घरातली म्हातारी एकटी राहते. आता लसीच्या दिवशी दवंडी दिल्यासारखे घरोघर जातो, वर्गणी दिली-न दिली विचारत नाही. थेंब टाकायचे काम विद्यार्थ्यांकडे आहे. शारदानगरला, १९९२ सालापासून चालू असलेल्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकऱ्यांसाठी प्रशिक्षण वर्ग भरतात. आपल्या मुलांनी तिकडे जाऊन शिकून घ्यावे.

भिगवणच्या बाजूच्या मंडळींना वेगळी विनंती. उजनीच्या पाणलोटावर हिवाळ्यात रोहित आणि इतर पाहुणे पक्षी येतात ते आपले भूषण आहे. पण त्या काठावर आपल्या कोंबड्या चरायला सोडू नका. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नवापूरला आढळला; जानेवारी २०२१ मध्ये राज्यात पुन्हा आला. रानपक्षी आणि पाळीव पक्षी एका पाण्यावर आले की धोका असतो. एकदम बरेच पक्षी मेले तर लपवू नका, पुरूनही टाकू नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

शेवटी एका प्रश्नाकडे वळतो, जो आमच्या उपासिकांनीच उपस्थित केला. पंचशील घेतलेल्या घराने कोंबड्या पाळून विकाव्यात का? आम्ही टाळाटाळ केली नाही. उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत प्राण्यांचा आणि मांसाचा व्यापार अंगुत्तर निकायात स्पष्ट सांगितला आहे. दुसरीकडे बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे मांडताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. दोन्ही वाचून झाल्यावरही बैठकीत एकमत झाले नाही. चार घरे अंडी आणि तलंगाच विकतात. कोंबडे थोराड होऊन आपल्या मरणाने मरेपर्यंत ठेवतात आणि तोटा सोसतात. तीन घरे कोंबडेही विकतात आणि म्हणतात, मुलाची फी आधी. आम्ही कोणालाही गटातून काढलेले नाही. एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंनी मान्य केली. अंड्यांच्या मोठ्या धंद्यात नर पिल्लाचा उपयोग नसतो म्हणून ते पहिल्याच दिवशी नष्ट करतात. जर्मनीने जानेवारी २०२२पासून यावर कायद्याने बंदी घातली. आमच्या खुराड्यात नर म्हणून निघालेले पिल्लूही दाणा खाते आणि आरवण्याच्या वयापर्यंत जगते. यावर ज्येष्ठ उपासकांचे काही मार्गदर्शन असेल तर सभा संपल्यावर अवश्य सांगावे. आम्ही ऐकू.

कर्जाचा शेवटचा हप्ता मागच्या दिवाळीत फिटला. ज्या मुलाची अनामत अडली होती त्याची ती आत्यांनी आपल्या दहा पिल्लांच्या पैशातून भरली होती, हे आम्हाला दीड वर्षाने कळले. वहीत त्याची नोंद नाही.

परवाच दोन कोंबड्या खुडूक झाल्या. त्यांच्याखाली वीस आणि यंत्रात चौसष्ट अंडी बसवली आहेत. येत्या रविवारी सातवी रात्र आहे. विद्यार्थ्यांना अंड्यातला जीव हलताना पाहायचा असेल तर आठ वाजता, दिवे मालवल्यावर या. बॅटरी आमच्याकडे एकच आहे. जमल्यास आपापली आणा. कोंबडीच्या खोलीत चपला घालून येऊ नका आणि मोठ्याने बोलू नका.

जयभीम.